सलीमचाचांचे थांबे

आमच्या घाटंजीत सलीमचाचा मिस्त्री रस्त्यात मध्येच उभे राहिले, की कुणाची तरी गाडी बिघडली म्हणून समजावं. दर पन्नास पावलांवर ते थांबत, जाणाऱ्या मोटरसायकलीकडे कान लावत आणि चालवणाऱ्याला अडवून सांगत, "चेन ढिल्ली झाली भाऊ. आजच दाखव." गिऱ्हाईक ओढायची ही युक्ती आहे, असं आम्ही वर्षभर समजत होतो.

त्यांचं ब्रीद एकच, "खोलल्याबिगर भरोसा नाही." क्लचची तार बदलायला गाडी द्यावी, तर संध्याकाळी अर्धं इंजिन गोणपाटावर मांडलेलं. शिवाय काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्याशिवाय काम पुरं झालं, असं ते मानत नसत. माझ्या कपाटात असे सात पार्ट आहेत. फेकले तर चाचांना वाईट वाटेल, म्हणून ठेवलेत.

त्यांचा एक थांबा आमच्या फाटकाशी होता. आईला आता जवळजवळ दिसत नाही. चार वाजले की ती ओट्यावर येऊन त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत बसायची. मग दहा मिनिटं दोघांच्या गप्पा चालत. चाची गेल्यापासून चाचांच्या घरीही बोलायला कुणी नव्हतं.

एक दिवस त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली, तेव्हा खरं कळलं. पन्नास पावलं चाललं की डावी पोटरी भरून यायची. गाड्यांचे आवाज हा नुसता बहाणा होता.

मी त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद पडलीय. उशीर केला तर पाय कापावा लागेल. उजवा पाय ठणठणीत आहे. उजव्या जांघेतून बारीक तार घालू, ती डाव्या पायात नेऊ आणि तिथं फुगा फुगवून रस्ता मोकळा करू."

"म्हंजे खोलनार नाही?"

"एक टाकासुद्धा नाही."

"अन् आतला कचरा? तो तं दाखवसान ना मले?"

"कचरा बाहेर येत नाही. फुगा त्याला कडेला दाबतो."

चाचा माझ्याकडे वळले. "असं काम मी केलं असतं, तं लोकाईनं मले घाटंजीत राहू देलं असतं का?"

विनोद केला खरा, पण सही करण्याआधी त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मीही मनातून घाबरलो होतो.

तार-फुग्याचं काम उरकलं, त्या संध्याकाळी त्यांचं गारठलेलं पाऊल कोमट लागलं. चाचांनी स्वतः हात लावून पाहिलं आणि म्हणाले, "करंट आला." पाय वाचला.

महिनाभरात जखम भरली. चाचा दुकानापासून घरापर्यंत एका दमात चालू लागले. पहिल्याच दिवशी आमच्या फाटकावरूनही तरातरा निघून गेले. आईने चपला ओळखल्या. "सलीम गेला वाटते. बरं झालं, पाय सुधरला त्याचा," असं म्हणून ती आत आली. त्या दिवशी तिने चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता चाचा फाटकाशी थांबले.

"मावशी, पाय लय भरून आला. बसू का दहा मिनिटं?"

"बस ना बापा. इचारतं कायले?" आई सरकून बसली.

पुन्हा नागपूर की काय, म्हणून मी धावत बाहेर आलो. चाचांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. आईला दिसत नाही, तरी त्यांनी पोटरी दोन्ही हातांनी गच्च धरली होती. उजवी.