पैसे मध्ये न आणणारे लीलाधरभाऊ

आमच्या नेरच्या लीलाधरभाऊ मंडपवाल्यांनी माझ्याकडून पुढचा दात बसवून घेतला आणि त्याबदल्यात माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला मंडप घातला. मी दातांचा डॉक्टर. बिलाचं नाव काढलं की ते म्हणत, "पैसे मधात कायले आणता, डॉक्टरसायब?"

पुढे त्यांनी गावातल्या धंदेवाल्यांचा मोबाईलवर 'अदलाबदल' नावाचा ग्रुपच काढला. आपलं काम द्यायचं, पॉइंट मिळवायचे, त्यावर दुसऱ्या कोणाचंही काम घ्यायचं. शिकवणीवाल्या सरांना फळा रंगवून हवा होता, पेंटरला स्कूटर दुरुस्त करून, आणि मेकॅनिकच्या पोरीला गणित जमत नव्हतं. भाऊंनी तिघांना चहाला बसवलं. चहा संपेपर्यंत सौदा पुरा. रिकामं काही दिसलं की त्यांचा जीव तळमळे. दुपारी दवाखान्यात डोकावून म्हणत, "खुर्ची रिकामी काहून? थांबा, एखादी दुखरी दाढ धाडतो."

त्याच ग्रुपमधले गंगारामजी टेलर एकदा कवळी करायला आले. वय झालेलं, हात थरथरणारे. लोक तर आता तयार कपडेच घेतात. तरी त्यांच्याकडे पुरेसे पॉइंट होते. "गिऱ्हाईक आहे अजून," कवळी बसल्यावर नव्या दातांनी हसत ते म्हणाले.

हे गिऱ्हाईक मला भाऊंच्या गोदामात सापडलं. दंततपासणीच्या शिबिरासाठी खुर्च्या पाहायला गेलो, तर कोपऱ्यात गाद्यांच्या कोऱ्या खोळींचा छताला टेकलेला ढीग. एक उचलली. शिवण नागमोडी, एक बाजू आखूड.

"ही कोणत्या गादीला बसते, भाऊ?"

"कोणत्याच नाही. गंगारामजीच्या हातची आहे."

"मग पॉइंट तसेच देऊन टाका ना त्यांना."

"फुकटचं घेत नाही तो." भाऊ खुर्ची पुसत राहिले. "माह्या बापाचं दुकान बंद झालं, तं मी म्हटलं, आता आराम करा. खायले-प्यायले कमी नोतं. पण रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसत. जाचं कुठीच नसे. मले तवा समजलं नाही."

मी म्हणालो, "दवाखान्याला पडदे शिवायचे आहेत. पाठवा त्यांना."

दुसऱ्या दिवशी गंगारामजी इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यात टेप अडकवून आले. खिडक्यांची मापं त्यांनी पुन्हापुन्हा घेतली आणि कापड कोणतं घ्यावं, यावर मला चांगलंच सुनावलं. समोरच्या टपरीपाशी लीलाधरभाऊ उभे होते. हातातला चहा पार निवला होता, तरी त्यांची नजर आमच्या खिडकीवरून हलत नव्हती.