बोगदा मोकळा ठेव

कार्यक्रम उभा करावा तर क्रेसेंझनेच, असं आमच्या ट्रीझनबर्गमध्ये लोक म्हणतात. निदान तेव्हा तरी म्हणायचे. लग्नं, बारशी, पाद्रीबाबांचा निरोप, सगळं मी पार पाडलं होतं आणि एकदाही जेवण कमी पडलं नव्हतं. त्यामुळे गावाच्या वरच्या डोंगरातल्या जुन्या बोगद्याला शंभर वर्षं झाली तेव्हा गावप्रमुख एबर्ले सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, हे तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही. मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. माझ्या मनात वेगळाच डाव शिजत होता.

माझा भाऊ फिडेल दर उन्हाळ्यात बोगद्याच्या पलीकडे, वरच्या कुरणांवर गावाची गुरं सांभाळतो. त्याला एकच मुलगी, व्हेफा. वहिनी गेली त्या वर्षी व्हेफाने खाली खोऱ्यात, फाडुझला नोकरी धरली. फिडेलला वाटत होतं की आता ती घर बघेल, उन्हाळ्यात कुरणावर येईल. तो चिडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "जातेस तर पुन्हा डोंगर चढू नकोस." व्हेफाही त्याचीच मुलगी. चढली नाही. आमचा देश एवढासा, की सकाळी एका टोकाहून चालत निघालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या टोकाला जेवायला बसतो. तेवढ्या जागेत या दोघांनी एकमेकांचं तोंड न बघता तीन वर्षं काढली. त्यालाही कर्तबगारी लागते.

व्हेफा फाडुझच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवते. मी मुद्दाम तोच बँड ठरवला. बाप येणार हे तिला सांगितलं नाही, लेक येणार हे त्याला सांगितलं नाही. अरुंद बोगद्याच्या मधोमध, पाद्रीबाबांच्या देखत दोघं समोरासमोर आले, की पळतील कुठे? असा माझा हिशेब.

वरच्या कुरणांवर टपालबस जाते. तिच्या चालकाबरोबर मी फिडेलला निरोप धाडला, की शनिवारी बोगद्यात समारंभ आहे, सगळ्यांनी या आणि बायकांनाही जुन्या पद्धतीचा पोशाख करून आणा. गुरं सोमवारी उतरायची होती, तेव्हा त्यांना सवड होतीच. शुक्रवारी दुपारी चालकाने उत्तर आणलं. "फिडेल म्हणतो, उद्या सकाळी सगळे येतोय. पहिल्या तिघी नटून येतील. आणि बोगदा मोकळा ठेव."

मला भरूनच आलं. माझ्या अबोल भावाने एवढा लांब निरोप आयुष्यात कधी दिला नव्हता. मी त्या तिघींसाठी पहिल्या रांगेत तीन खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर माझ्या लग्नातल्या उश्या ठेवल्या. आणि बोगदा? असा झाडून घेतला, की खडा दिसेल तर शपथ.

शनिवारी सकाळी दाट धुकं होतं. बोगद्याचं पलीकडचं तोंड नुसतं पांढरं दिसत होतं. भिंतींना कंदील टांगले, बँड एका कडेला दाटीवाटीने उभा राहिला. व्हेफाचा भोंगा एवढा मोठा, की शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याला मान वाकडी करून उभं राहावं लागलं. फिडेलची माणसं अजून आली नव्हती, पण पाद्रीबाबांना पुढे एक बारसं होतं, म्हणून गावप्रमुखांनी भाषणाला सुरुवात केली.

ते मात्र चांगलं बोलत होते. आपले पूर्वज पश्चिमेकडून डोंगर ओलांडत आले, खालची सुपीक जमीन आधीच वाटली गेली होती म्हणून या उतारावर घरं बांधून राहिले, आणि बोगदा होईपर्यंत चीज नि गवत पाठीवर घेऊन डोंगराच्या धारेवरून ये-जा करत राहिले, असं त्यांनी सांगितलं. मग ते राजघराण्यावर आले. त्यांनी हा देश विकत घेतला खरा, पण नंतर शंभराहून जास्त वर्षं त्यांच्यातला एकही राजा इथे डोकवायला आला नाही. लोक हसले. तेवढ्यात दुरून घंटा ऐकू आल्या.

गावप्रमुख माझ्याकडे झुकले आणि कौतुकाने पुटपुटले, "घंटांचीही सोय केलीत?"

मी काहीच केलं नव्हतं. पण मान डोलावली.

घंटा वाढत गेल्या. मग वास आला. मग धुक्यातून एक रुंद कपाळ बाहेर आलं. त्यावर रंगवलेलं लाकडी हृदय बांधलेलं, शिंगांमध्ये कागदी फुलं. तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी. पहिल्या तिघी नटून आल्या होत्या. आणि त्यांच्या मागे, न नटलेलं, गावाचं अख्खं खिल्लार.

फिडेलला आदल्या दिवशी वाऱ्यात बर्फाचा वास आला होता आणि रात्री वर बर्फ पडलाही होता. दोन दिवस थांबणं शक्यच नव्हतं.

लोक भिंतींना पालीसारखे चिकटले. सगळ्यात पुढची गाय, ब्लूमा, माझ्या तीन खुर्च्यांपाशी येऊन थबकली. ती थांबली, पण मागच्यांना ते कसं कळणार? त्या रेटत राहिल्या. वासरं हंबरू लागली, तो आवाज बोगद्यात घुमून दसपट झाला. ब्लूमाचे डोळे पांढरे झाले, ती एका बाजूला सरकली, आणि त्या बाजूला म्हातारी माणसं आणि लहान मुलं होती. मला आता समारंभाची नाही, जिवाची भीती वाटू लागली. इतक्या माणसांना मी स्वतः इथे आणून उभं केलं होतं.

फिडेल ब्लूमाच्या बाजूनेच चालत आला होता. त्याने खुर्च्या पाहिल्या, बँड पाहिला, मला पाहिलं. मग त्याला व्हेफा दिसली.

तिने भोंगा उतरवून पाद्रीबाबांच्या हातात दिला होता आणि ती ब्लूमाच्या दिशेने सरकत होती. ब्लूमा वासरू होती तेव्हा तिला व्हेफानेच बाटलीने दूध पाजलं होतं. तिने गाईच्या गळ्याखाली हात घातला आणि कानाशी तोंड नेऊन हळूहळू काहीतरी बोलत राहिली.

"धरशील का तिला?" फिडेल म्हणाला. "मागच्यांना थोपवायला हवं."

"धरते. तुम्ही जा, बाबा."

तो भिंतीला घासत, गाईंच्या पाठींवर थापा मारत मागे गेला. गावप्रमुखांनी स्वतःच्या हाताने खुर्च्या उचलल्या. म्हातारी माणसं आणि मुलं आधी, मग बँड, असे सगळे उलट्या पावलांनी हळूहळू बाहेर सरकले. मागचा रेटा कमी झाला तशी व्हेफा ब्लूमाला घेऊन बोगद्याबाहेर आली. तिच्या शहरी बुटांची पार वाट लागली होती. बाहेर धुकं फाटलं होतं. खाली ऱ्हाइन नदी चकाकत होती, पलीकडे स्वित्झर्लंडचे डोंगर उन्हात उभे होते. गाई शांतपणे चरायला लागल्या, जणू काही झालंच नव्हतं.

शेवटचं वासरू बाहेर काढून फिडेल आला. बापलेक शेजारी उभे राहिले. दोघांची नजर गुरांवर.

"बारीक झालीस," तो म्हणाला.

"राजाने यायला शंभर वर्षं लावली, बाबा. तुम्ही तीनच लावलीत."

त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली. मग तिला म्हणाला की ब्लूमा तुझ्या हातात नीट चालतेय, तर गावापर्यंत तूच ने. ती निघाली. बँड मागून वाजवत आला, भोंग्याशिवाय. भोंगा पाद्रीबाबा वाहत होते. बारसं चुकलं ते चुकलंच.

संध्याकाळी माझ्याकडे सगळ्यांना केसक्नोफ्ले, म्हणजे चीजमध्ये घोळवलेले कणकेचे छोटे गोळे, आणि सफरचंदाचा गर होता. व्हेफा बापाच्या ताटात दुसऱ्यांदा वाढत होती. मी त्याच्यासमोर जरा ऐटीतच बसले. डाव तर साधला होता. आता हा दोन शब्द कौतुकाचे बोलेल, अशी माझी अपेक्षा.

"गुरांच्या स्वागताला बँड बोलावलास, चांगलं केलंस," फिडेल तोंड पुसत म्हणाला. "खुर्च्या कशाला ठेवल्या होत्यास ते कळलं नाही. बरं, तो बसवाला सांगत होता तो बोगद्याचा समारंभ, दिवस तो विसरला म्हणे. कधी आहे?"