रणनवरेसाहेबांचं पोट

'पोटात गॅस झालाय' असं कुणी म्हणालं की रणनवरेसाहेब त्याच्याकडे निरक्षर माणसाकडे बघावं तसं बघत. "गॅस सिलिंडरमध्ये असतो," ते म्हणत. "पोटात गुबारा धरतो, तडस लागते, मुरडा येतो, डचमळतं, ढवळतं. नक्की काय होतंय ते सांग."

मी दिल्लीत वाढलेली. वडील केंद्र सरकारात, शाळा हिंदी-इंग्रजीतली, मराठी फक्त घरात. 'माझं पोट दुखतंय' याच्यापुढे माझी मजल नव्हती. गुडगावच्या त्या ऑफिसात रणनवरेसाहेबांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवणीला बसवलं. "प्राची, सणकन येते ती कळ. पिळवटतो तो मुरडा. आणि जेवण अंगावर आलं की तडस. समजलं? बिल्कुल म्हणू नको, हो म्हण."

ते मूळचे नगरचे. तिथला कारखाना परदेशी भागीदाराच्या हातात गेला आणि पन्नाशीच्या रणनवरेंना स्टोअर्स सांभाळायला 'दोन वर्षांसाठी' इकडे पाठवलं. त्याला सहा वर्षं झाली होती. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उगवत होत्या. आमच्या चौथ्या मजल्यावरून एका बाजूला क्रेन दिसे आणि दुसऱ्या बाजूला मोहरीचं शेत. रणनवरे दिल्लीतल्या मुनिरक्यात एका खोलीत राहत आणि चार्टर्ड बसने येत. घरमालकीण फोडणीत काय घालते, बसवाला ब्रेक कसा मारतो, दिल्लीचं पाणी किती जड आहे, सगळ्याचा जमाखर्च शेवटी पोटात.

डॉक्टरांशी मात्र त्यांचं जमेना. हिंदी यथातथाच. "डॉक्टरसाब, करपट ढेकर आता है, फिर पोट में गोळा उठता है." डॉक्टर म्हणायचा, "गैस है." रणनवरे फी देऊन बाहेर पडत आणि औषधाची चिठ्ठी जिन्यातच खिशात कोंबत. त्यामुळे कंपनी दरवर्षी औषधपाण्यासाठी जी रक्कम द्यायची ती त्यांची जवळजवळ तशीच शिल्लक राही आणि पुढच्या वर्षात जमा होई.

त्या वर्षी मार्चच्या पहिल्या दिवशी एचआरच्या चढ्ढा मॅडम आमच्या टेबलापाशी आल्या. "रणनवरे जी, इकतीस तक बिल दे दीजिए. इस बार लैप्स हो जाएगा."

लॅप्स हा शब्द त्यांना कुठल्याही मुरड्यापेक्षा जास्त लागला. दुपारच्या डब्याला त्यांनी आमची बैठकच बोलावली. शेजारच्या टेबलावरचा अहलुवालिया म्हणाला, "यार, हरिद्वार जाके दस दिन सिर्फ लौकी का जूस पियो." कुणी निसर्गोपचार सुचवला, कुणी पोटात दुर्बीण घालून बघायला सांगितलं. एकाने तर मऊ गादीचा कमोड बसवून बिल डॉक्टरांच्या नावाने घ्यायचं सुचवलं. रणनवरे सगळं डायरीत लिहून घेत होते. तीन दिवस ती डायरी घेऊन ते कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "ठरलं. दुर्बीण. प्राची, तू चल. माझ्या हिंदीवर ते भलत्याच भोकातून घालतील."

मी हसू दाबत गेले. नव्यानेच झालेलं खाजगी हॉस्पिटल, आत शिरलं की हॉटेलात आल्यासारखं वाटे. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट का नाम?"

"शालिनी रणनवरे," ते म्हणाले.

मी चमकून बघितलं. ते माझ्याकडे बघेनात. "फॅमिलीला पण चालतं. मी चढ्ढाबाईंना विचारलंय. तिचंही पोट माझ्यासारखंच आहे. आम्ही ख्रिस्ती, पत्रिका बघत नाही, पोटं मात्र छत्तीस गुणांनी जुळली."

त्यांच्या मिसेस नगरला शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, एवढं मला ठाऊक होतं. नोकरी सोडून त्या येणार नाहीत आणि ही नोकरी सोडून साहेबांना जाता येणार नाही, हेही. सहा वर्षांत त्या इथे एकदाही आलेल्या नव्हत्या. नाताळला तेच चार दिवस जात आणि आम्हाला करंज्यांचा डबा आणत.

"सर, ब्लड टेस्ट, अल्ट्रासाउंड, एंडोस्कोपी, सब एक ही दिन में हो जाएगा," मुलगी म्हणाली.

"नहीं नहीं!" रणनवरे एवढ्या मोठ्याने म्हणाले की गार्डने वळून बघितलं. "एक दिन में नहीं. दो-दो दिन छोडके. उनका पेट बहोत नाजूक है."

परतताना ते एका एसटीडी बूथमध्ये शिरले. मी दाराशी उभी होते, पण ते फोनवर ओरडूनच बोलत. "अगं, परीक्षा तोंडावर आहेत हे मला कळतं. पण पैसे बुडतील! ... नाही, पुढच्या वर्षी नाही चालत, बुडतात म्हणजे बुडतात." बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. "येते म्हणाली. आठ दिवस रजा टाकतेय. मी नुसतं ये म्हणून सांगितलं असतं तर आली नसती. पैसे फुकट जाऊ देणारी बाई नाही ती."

शालिनीताई आल्या. छोट्या चणीच्या, चष्म्याआडून वर्ग न्याहाळावा तसं सगळ्यांना न्याहाळणाऱ्या. दुसऱ्या तपासणीनंतर त्यांनी मला जेवायला बोलावलं. मुनिरक्याच्या त्या खोलीत बसायला पलंग, आणि पलंगाखाली स्टोव्ह. नगरकडची तिखट शिपी आमटी आणि बाजरीची भाकरी. आमटीचा झणका जिन्यापर्यंत येत होता. डॉक्टरांनी फिकं खायला सांगितलं होतं म्हणे. रणनवरेसाहेब चौथी भाकरी मोडत होते. तासाभरात पोटाबद्दल एक शब्द निघाला नाही. नळ बदलला, पडदा लावला, शाळेच्या छताची गळती, हेच.

ते पाणी भरायला खाली गेले तेव्हा मी म्हटलं, "साहेब आज पोटाचं काही बोलले नाहीत."

शालिनीताई भांडी गोळा करत होत्या. "रविवारी फोनवर तेवढंच बोलतात. दुसरं काही विचारलं की बिल वाढतंय म्हणतात आणि फोन ठेवतात. म्हणून मीही विचारते, कोठा साफ होतो का, ओवा घेतला का. तेवढीच दहा मिनिटं." भाकरीचा तुकडा फडक्यात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "माझं पोट दगड पचवेल गं. पण आता दुर्बीण घालतायत तर घालू देत."

सगळे रिपोर्ट आले त्या दिवशी दुभाषी म्हणून मीही गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरली, कागद चाळले, हसले. "बिल्कुल नॉर्मल. बहनजी, आप आराम से घर जाइए."

शालिनीताईंनी फाइल पर्समध्ये सरकवली. रणनवरेसाहेब खुर्चीतून उठेनात. त्यांचा चेहरा पडला होता. वाईट बातमी ऐकल्यावर माणूस जसा आधी नीट ऐकू आलं नाही असं दाखवतो, तसे ते पुढे झुकले.

"डॉक्टरसाब, एक बार और देखिए ना. कुछ तो होगा."

डॉक्टर मोठ्याने हसले. "कुछ नहीं है, भाईसाब."

"थोडा-सा?"

मी हे सगळं भाषांतर करायला आले होते, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शालिनीताई हसल्या नाहीत. त्यांनी उठून साहेबांच्या कोपराला हात घातला आणि हलकेच म्हणाल्या, "चला अहो. रजेचे अजून दोन दिवस आहेत."