पाच जणींची सहा कुलुपं

मोंघीमासीने दुधाच्या टाकीखालची पाच कुलुपं मोजली, तर ती सहा भरली.

"ए दक्षा, पळत ये! हे सहावं कुणाचं गं?"

दक्षा धावतच आली. गावातल्या बायकांच्या दूध मंडळीची, म्हणजे सहकारी डेअरीची, ती नवीकोरी सेक्रेटरी, आणि कुलुपांची ही आयडियाही तिचीच. झालं होतं असं, की दुधाचं फॅट सारखं उतरत होतं आणि दक्षा धरून कमिटीतल्या पाची जणींना बाकीच्या चौघींचा संशय होता. कुणीतरी वॉल्व्हचा दांडा फिरवून दूध काढतंय न् वरून पाणी ओततंय! मग दक्षाने अंकलेश्वरच्या कारखान्यातल्या भावाकडून एक लोखंडी पट्टी मागवली. ती दांड्यावर बसते, तिला सहा भोकं. तिकडे पाइपवर काम करणारा प्रत्येक जण तिच्यात आपलं कुलूप अडकवतो. सगळी निघाल्याशिवाय दांडा हलत नाही, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका नको. इथे पाची जणींनी काल कुलुपं अडकवली ती एकमेकींकडे डोळे बारीक करून बघत.

आता पाच निघाली. सहावं तसंच लटकलेलं. दांडा जागचा हलेना. बाहेर टँकरवाला वशराम हॉर्नवर हॉर्न मारतोय, टाकी काठोकाठ भरलेली. टँकर रिकामा गेला तर संध्याकाळचं दूध काय गटारात ओतायचं? आणि मग सेक्रेटरीबाईंना कोण ठेवतंय?

"मी म्हणते, ज्या चोरटीने लावलं तिच्याकडेच चावी असणार," पसीबेन म्हणाली.

"मग लाव ना तुझी!" मोंघीमासी.

"मी का म्हणून? आधी तू लाव."

"आणि लागली तर? सगळा गाव मलाच चोर म्हणणार!"

पाची जणींनी कमरेचे जुडगे पदराखाली घट्ट धरले. कुणी चावी पुढे करेना. दरवाज्यात येऊन उभा राहिलेला वशराम एकेकीचं तोंड निरखत होता.

"बेन, मी निघू का? पुढचं गाव खोळंबलंय."

"थांब रे वशरामभाई!" दक्षा ओरडली. तेवढ्यात तिला सुचलं. तिने एक बरणी रिकामी केली. "सगळ्यांनी चावी यात टाका. मी डोळे मिटून एकेक काढते. लागली ती कुणाची, विचारायचंच नाही. कबूल?"

कुरकुर झाली, पण चाव्या पडल्या. दक्षाने बरणी खडखडा हलवली, डोळे मिटले, पहिलीच चावी लावली. खट्! उघडलं!

बाकीच्या चौघी एक पाऊल मागे सरकल्या.

"ही तर माझी नाही," पसीबेन पटकन म्हणाली.

"माझी पण नाही हं!"

"द्या इकडे," म्हणत मोंघीमासीने कुलूप पुन्हा दाबलं आणि दुसरी चावी लावली. खट्! तिसरी. खट्! मग पसीबेनने भीत भीत त्यातलीच एक मोंघीमासीच्या कुलपाला लावली. तेही उघडलं!

"मासी, हे तू कुठून घेतलंस गं?"

"मेळ्यातून. त्या छत्रीवाल्या फेरीवाल्याकडून. तू?"

"मी पण. घराला पण त्याचंच आहे."

"माझ्याही!"

म्हणजे कुणाचीही चावी कुणाच्याही घराला! आणि मग जी काय पळापळ झाली! मोंघीमासी गुडघेदुखी विसरून सगळ्यांच्या पुढे, तिच्यामागे पसीबेन, तिच्यामागे उरलेल्या दोघी, सगळ्या आपापल्या घराकडे!

वशरामने सहावं कुलूप उचलून खिशात टाकलं.

दक्षा बघतच राहिली. "तुझं होतं?"

"मेळ्यातलंच. काल तुमची पाठ फिरल्यावर अडकवलं. फॅट कमी आलं की प्लांटवर शिव्या मीच खातो ना!"

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी चावी कुणाकडे निघते."

दक्षा काहीतरी बोलणार होती. पण तिला आपल्या दाराचं कुलूप आठवलं आणि तिनेही ओढणी खोचून धूम ठोकली.

मोकळा दांडा, काठोकाठ टाकी, अख्ख्या गावाचं दूध, आणि समोर एकटा वशराम. तो घाबरून रस्त्यावर धावत आला.

"ओ बेन! अहो, एक तरी थांबा कुणीतरी! उद्या म्हणाल, मीच प्यायलो!"