पंधरा पूर्णांक सहा कांदे

नियमाच्या बाबतीत मला कोणी शिकवायचं नाही. न्हावा शेवा बंदराच्या गेटवर एकतीस वर्षं कागद तपासले, एक शिक्का वाकडा पडू दिला नाही. म्हणूनच सांगतो, माझ्यासारखं करू नका.

मांडव्याजवळ आम्ही राहतो ते घर माझ्या बालमित्राचं, सदाचं. बावीस वर्षांपूर्वी मस्कतला जाताना तो म्हणाला, "रामा, भाडं एकच. दर वर्षाला पन्नास पांढऱ्या कांद्यांची माळ. आय वळायची तशी." त्याच्या आईपुढे बसूनच आम्ही दोघे कांद्याची पात वळायला शिकलो. गावातलं कोणी तिकडे निघालं की माळ जायची. ती पोचली की सदाचा फोन यायचा आणि तासभर आम्ही पुन्हा दहा वर्षांचे व्हायचो. त्या फोनची मी वर्षभर वाट बघायचो.

गेल्या एप्रिलात पेन्शनच्या कामासाठी अलिबागला प्रणय या कर सल्लागाराकडे गेलो. घराचा विषय निघाला.

"काका, मालक परदेशात राहत असेल तर भाडं देतानाच भाडेकरूनं एकतीस पूर्णांक दोन टक्के कर कापायचा. भाडं कितीही लहान असो. नाही कापला तर जबाबदार तुम्ही."

म्हणजे बावीस वर्षं मी सरकारला फसवत होतो! भाडं कशात देतो ते त्यानं विचारलं नाही, मीही बोललो नाही.

घरी येऊन हिशेब केला. पन्नासातले पंधरा पूर्णांक सहा. पंधरा कांदे माळेतून सोडवले, सोळावा विळीवर धरला.

"अवो," माझी बायको कोकिळा म्हणाली, "सरकार काय कालवण करनार हाय?"

"नियम म्हणजे नियम."

चौतीस कांद्यांची माळ शेजारच्या साहिलबरोबर मस्कतला गेली. सरकारचा वाटा घेऊन मी अलिबागला. चिरलेल्या कांद्यानं प्रणयचं अख्खं ऑफिस डोळे पुसू लागलं.

"काका, कर पैशात भरतात. ऑनलाइन," तो नाक धरून म्हणाला.

कांदे परत आणले. कोकिळेनं ते जवळ्यात घातले. जवळा झाला मात्र फक्कड.

चार दिवसांनी सदाचा फोन आला. "रामा, चौतीसच हायत."

मी नियम समजावला.

"आयच्या माळेला कातर लावलीस?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. गप्पा नाहीत, काही नाही. पंधरा दिवस झाले तरी पुन्हा फोन नाही.

पुन्हा प्रणयकडे गेलो. "यातनं वाट काढ रे बाबा."

"मालक वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथं राहिला तर त्याला परदेशी धरत नाहीत. मग ही कापाकापी नाही."

तिथूनच फोन लावला. "सदा, एकशे ब्याऐंशी दिवस ये. माळ पुरी मिळंल."

त्यानं विचारलं, "झोपू कुठं?"

"तुझंच घर हाय."

सप्टेंबरात सदा आला. यंदा कांदा निघाला तेव्हा ओटीवर बसून आम्ही दोघांनी माळ वळली, मोजून पन्नासाची, आणि त्याच्याच घराच्या तुळईला टांगली. वळताना दोघांचेही डोळे ओले झाले, आणि या वेळी कांदा चिरलेला नव्हता.

आज त्याचा एकशे चौऱ्याण्णवावा दिवस. नियम पुरा झाला, तरी जायचं नाव नाही. माझी खाट त्याला दिलीय, मी पडवीत झोपतो. काल तो कोकिळेला सांगत होता, "वैनी, भाडेकरू तसा बरा हाय. घोरतो तेवढा."