कायमचे उमेदवार गायकवाड

कोणाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आमच्या सरांनी "एखाद्या माणसाविषयी लिहा" म्हटलं की मला वाटतं, तो माणूस थोर असावा, निदान वारलेला तरी असावा. गायकवाड काका थोर नाहीत आणि देवाच्या कृपेने हयात आहेत. शिवाय मी त्यांच्याशी एकदा वाईट वागलो आहे. एवढं असूनही लिहितो आहे. चुकलं तर वाचकांनी माफ करावं.

गायकवाड काका दर वर्षी ख्रिस्ती व्हायचे.

म्हणजे, होत आणायचे. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री आमच्या देवळात नव्या लोकांचा बाप्तिस्मा होतो. त्यासाठी चार-पाच महिने आधीपासून दर रविवारी मिस्सानंतर, म्हणजे देवळातली उपासना आटोपल्यावर, शिकवणीचा वर्ग भरतो. त्या वर्गात गायकवाड काका पहिल्या दिवशी पहिले हजर. प्रार्थना तोंडपाठ, दहा आज्ञा उलट्या-सुलट्या पाठ, एकही खाडा नाही. आणि ऐन बाप्तिस्म्याच्या दिवशी, पवित्र शनिवारी सकाळी, सगळी तयारी झाल्यावर, फादरांच्या हातात एक चिठ्ठी पडायची: "तूर्त मन तयार नाही. पुढील वर्षी पाहू. क्षमस्व. दि. गायकवाड."

असं अकरा वर्षं चाललं होतं.

आमचं गाव गासच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, आणि मधोमध देऊळ. गायकवाड काका वीज मंडळात मीटर वाचायला होते. घाटावरून बदलून आलेले, एकटे. आमच्या शेजारच्या वाडीमागे त्यांची भाड्याची खोली होती. खाकी शर्ट, डोक्याला तेल, काखेत मीटरची वही आणि खांद्याला छत्री. ही छत्री ते वैशाखातही बाळगायचे. विचारलं तर म्हणायचे, "कुत्री ओळखतात तिला. माझ्यापेक्षा तिलाच मान."

फादर आमच्याकडे तीन-चार वर्षांनी बदलतात. नवे फादर आले की जुने फादर त्यांना कागदपत्रं, किल्ल्या आणि गायकवाड काका सोपवून जायचे. "उत्तम तयारी आहे. फक्त शेवटचा धक्का द्यायचा." मग नवे फादर नव्या उमेदीने धक्का द्यायला निघायचे. पहिल्याच आठवड्यात काकांच्या खोलीवर जायचे. येताना नव्या कराराची एक प्रत भेट द्यायचे. काकांकडे अशा चार प्रती होत्या. जपमाळा किती होत्या ते मी मोजलं नाही, पण त्या एका खिळ्यावर राहत नसत.

मग बायकांची पाळी. होणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मंडळीची माया कळली पाहिजे, म्हणून फादर सांगायचे आणि घरोघरचे डबे निघायचे. वालाचं बिरडं, चिंबोऱ्यांचा रस्सा, आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे. उपवासकाळात सगळा गाव जरा जरा उतरायचा, गायकवाड काका तेवढे अंगाने भरायचे.

आमच्या शेजारची रोझा मावशी डबा भरता भरता म्हणायची, "दर वर्षी साखरपुडा, लग्नाचं नाव नाही. माझी मुलगी असती तर मी याला कधीच हाकलला असता."

"मग डबा कशाला भरतेस?" माझी आय विचारायची.

"नाही भरला तर लोक म्हणतील, रोझामुळे एक आत्मा गेला."

काकांना हे सगळं माहीत होतं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "लाइन दारापर्यंत आलीय फादर. कनेक्शन पुढल्या वर्षी जोडू." मीटरवाल्याच्या तोंडी हे शोभायचं, आणि फादरांना हसावंच लागायचं.

वर्गात त्यांचा खरा उपयोग दुसऱ्यांना व्हायचा. लग्नासाठी बाप्तिस्मा घेणारा एखादा तरुण, सरकारी दवाखान्यातली एक नर्स, डोंगराकडचं एक जोडपं, असे लोक वर्गात असायचे. काका त्यांना बाजूला घेऊन बसायचे. "ताई, विश्वासांगीकाराची प्रार्थना एका दमात म्हणू नका. पोंती पिलाताच्या नावापाशी थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढं. दमानं." त्यांच्या हाताखालून गेलेला एकही माणूस नापास झाला नाही. सगळे पांढरी वस्त्रं घालून वेदीपर्यंत गेले. शिकवणारा चिठ्ठी लिहून घरी.

देवळात शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवून कपाळावर खूण कशी करायची, उजवा गुडघा कसा टेकायचा, हे त्यांना कोणी शिकवलं ते कळत नसे. प्रत्येक फादरांना वाटायचं, आधीच्या फादरांनी. एकदा एक खूप म्हातारे फादर पाहुणे आले होते. सवयीने त्यांनी जेवणाआधीची प्रार्थना जुन्या लॅटिनमध्ये सुरू केली, आणि मधेच विसरले. पुढचं वाक्य गायकवाड काकांनी पुरं केलं. म्हातारे फादर चमकले. काका मान खाली घालून म्हणाले, "कानावर पडलं कुठंतरी." आमचे फादर त्या रविवारच्या प्रवचनात पवित्र आत्म्याच्या कार्याविषयी बोलले.

सगळ्यांत त्यांना आवडायचा तो दाराचा विधी. वर्ग सुरू झाल्यावर एका रविवारी उमेदवारांना देवळाच्या दारात उभं करतात. आत सगळी मंडळी उभी असते. फादर पुढे येऊन विचारतात, तुम्हाला काय हवं आहे? उमेदवाराने म्हणायचं, श्रद्धा. मग फादर कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि हात धरून आत नेतात. खरं तर हे माणसाच्या आयुष्यात एकदाच व्हायचं. काकांचं अकरा वेळा झालं. दर वेळी नवा धुतलेला शर्ट, आणि दर वेळी "श्रद्धा" म्हणताना आवाज चिरका व्हायचा. आम्ही पोरं त्यावर हसायचो.

अकराव्या वर्षी नवे फादर आले ते तरुण होते. त्यांनी नियम केला की प्रत्येक उमेदवाराला एक सोबती द्यायचा. सोबत्याने आठवड्यातून एकदा उमेदवाराच्या घरी जायचं, त्याच्या शंका ऐकायच्या, प्रार्थना करायची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. फादरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "गायकवाड तुझ्याकडे."

मला हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगायचं तर छाती फुगली. चार फादरांना जमलं नाही ते मी करणार, असं मनात आलं. घरी आय म्हणाली, "बघ हां, तू कॉलेजातला शिकलेला. तुझं तरी ऐकतो का."

दर बुधवारी संध्याकाळी मी जाऊ लागलो. पहिल्या बुधवारी पाहतो तर खोली झाडलेली, शेणाने सारवलेला उंबरा, आणि शेजाऱ्यांकडून आणलेली खुर्ची. ती माझ्यासाठी. काका स्वतः ट्रंकेवर बसले.

"या सोबती." माझ्या दुप्पट वयाचा माणूस मला अहो-जाहो करायचा. "चहात साखर किती?"

"काका, आधी शंका विचारा ना."

"शंका आहे की. साखर किती?"

मी वहीत प्रश्न लिहून न्यायचो. ते प्रश्नांची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली द्यायचे आणि मग मला कॉलेजविषयी विचारायचे. इंग्रजीचे सर कसे बोलतात, लायब्ररीत पुस्तक मागायला भीती वाटते का. वाटायची. हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पण नव्या घरात मीटर बघायला जातो तेव्हा दारातच उभा राहतो. आत या म्हणेपर्यंत पाय उचलत नाही. तुम्ही मात्र उचला."

एका बुधवारी मी धीर करून सरळ विचारलं, "काका, अडचण काय आहे? घरचे रागावतील?"

"घरचं कोणी नाही."

"मग भीती कसली?"

ते स्टोव्हला पंप मारू लागले. स्टोव्ह पेटलेलाच होता. मग म्हणाले, "तुमच्या रोझा मावशीनं कोणाला शेवटचं कधी जेवायला बोलावलं? तिच्या शेजारच्या घरातल्या माणसाला? ज्याचा बाप्तिस्मा पाळण्यात झाला त्याला?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी वहीत लिहून घेतलं, "रोझा मावशीविषयी तक्रार?"

पास्काच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी, मी फादरांना छातीठोक सांगितलं, या वर्षी नक्की. आयने पांढऱ्या झब्ब्याचं कापड आणलं, रोझा मावशीच्या मशीनवर तो शिवून झाला. पवित्र शनिवारी सकाळी चिठ्ठी आली.

मी तडक त्यांच्या खोलीवर गेलो. "माझी फजिती झाली काका. फादरांना काय तोंड दाखवू? आयने झब्बा शिवला. तुम्हाला लोकांचं खायला गोड लागतं, एवढंच ना?"

हे मी बोललो.

ते उभे होते, मला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. "तुमचं खरंय सोबती," ते म्हणाले. "बुधवारी याल का?"

"कशाला? पुढच्या वर्षी दुसरा सोबती देतील तुम्हाला."

मी गेलो नाही. त्या बुधवारी नाही, पुढच्याही नाही. जूनमध्ये एम.ए.साठी पुण्याला आलो. वर्गात नवी नावं, नवी पुस्तकं. लायब्ररीत मात्र पाय उचलून आत गेलो, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

परवा धाकट्या बहिणीचं, फिलोमिनाचं पत्र आलं. मी होस्टेल बदललं होतं, त्यामुळे ते तीन आठवडे फिरून माझ्यापर्यंत पोहोचलं. आय सांगते आणि फिलोमिना लिहिते. आयची घरची बोली मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून साध्या मराठीत देतो.

गायकवाड काकांना विषमज्वर झाला. आय पेज घेऊन जात होती. एका दुपारी ताप फार चढला तेव्हा तिने फादरांना बोलावणं धाडलं. फादर पळत आले ते बाप्तिस्म्याच्या पाण्याचं भांडं घेऊनच. आता उशीर नको, म्हणाले. काकांनी त्यांचा हात धरला.

"पाणी नको फादर. ते झालंय. लहानपणी, नगरकडं, मिशनच्या बोर्डिंगात. आई-बाप तिकडंच वारले. वेदीवर सेवा करायचो मी. बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घेता येत नाही ना. देवाला एवढं फसवायचं धाडस नाही झालं. मला पापनिवेदन करायचंय."

फादर खाटेवर बसले म्हणे, भांडं मांडीवर घेऊन.

आय दाराशीच होती. तिने विचारलं, "मग सांगितलं का नाहीस रे इतकी वर्षं?"

काका म्हणाले, इकडे बदलून आलो तेव्हा वर्षभर दर रविवारी देवळात येऊन मागच्या बाकावर बसत होतो, नव्या जागी वेदीपर्यंत जायला पाय उचलत नव्हता. कोणी कोण म्हणून विचारलं नाही. माझं आडनाव गायकवाड, बोलणं घाटावरचं. तुमच्यात सगळे लोपीस, परेरा. तुम्हाला वाटलं, बघायला आलेला आहे कोणीतरी. मग एका फादरांनी दारात थांबवून विचारलं, ख्रिस्ती व्हायची इच्छा आहे का? मी खरं सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात सात घरांतून माणसं डबे घेऊन खोलीवर आली. खरं सांगितलं असतं तर परत मागच्या बाकावर. तेवढ्यासाठी, बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळतो त्या ख्रिस्तप्रसादाला अकरा वर्षं उठलो नाही. हे शेवटचं सांगताना ते रडले.

रोझा मावशीला कळल्यावर ती दिवसभर संतापली होती. "आपल्यातला करायला याला अकरा वर्षं खाऊ घातलं, आणि हा आपल्यातलाच!" फिलोमिना लिहिते, पण संध्याकाळी ती काकांकडे भांडायला गेली ती रात्रीचा भात तिथेच शिजवून आली.

ताप आता उतरला आहे. रविवारी काका ख्रिस्तप्रसाद घ्यायला वेदीपर्यंत चालत गेले, आयने दंडाला धरलं होतं. पत्राच्या शेवटी फिलोमिनाने त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत उतरवला आहे:

"सोबत्यांना लिही, माझं आता काही व्हायचं राहिलेलं नाही. सुट्टीत नुसतेच आले तर चालेल का, विचार."