नववं गाणं ऐकलं का?

दिगूभाऊंच्या दुकानातून मोटर दुरुस्त करून नेणाऱ्याला दोन वस्तू मिळतात. एक त्याची मोटर आणि दुसरा पेनड्राइव्ह. मोटर कायमची, पेनड्राइव्ह आठ दिवसांसाठी. त्यात एकच अल्बम असतो. सोळा जीबीत नऊ-दहा गाणी आणि बाकी सगळी जागा मोकळी. मी कारण विचारलं तर म्हणाले, "सतराशे गानी भरली का मानूस बटनच दाबत राह्यते. ऐकत कोनीच नाई."

अमरावतीत भाजीबाजारामागच्या गल्लीत त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. दुकान आठ फुटांचं. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि छताला टांगलेल्या दोन स्पीकरमधून दिवसभर ऑल्टरनेटिव्ह रॉक. तेही गाजलेलं नव्हे. ज्या अल्बमकडे त्याच्या स्वतःच्या देशातही कोणी लक्ष दिलं नाही, तो दिगूभाऊंना बरोबर सापडतो. ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणजे काय, हे ते गिऱ्हाइकाला एका दमात समजावतात: "जे लग्नात वाजवता येत नाई ते."

आमची पहिली भेट भांडणाने झाली. अकोल्यात वडिलांचा छोटा छापखाना आहे. त्यातल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले. मशीनची मोटर जळाली तेव्हा अकोल्यातल्या तीन कारागिरांनी हात वर केले, म्हणून मी ती इथे घेऊन आले. वर स्पीकरमध्ये कोणीतरी परदेशी मुलगा जीव तोडून ओरडत होता. मी तेव्हा चळवळीची पत्रकं झोळीत घेऊन फिरायचे आणि जरा जास्तच पेटलेली असायचे. म्हटलं, "भाऊ, इथे कापसाला भाव नाही, पोरांना काम नाही, आणि तुम्ही या साहेबांच्या पोरांची रड कसली ऐकता?"

त्यांचे ओठ हलत होते. तारेचे वेढे मोजत होते. एकशे बारावर थांबले, गाठ मारली आणि मग म्हणाले, "याच्या गावातली गिरनी बंद पडली, पोरी. बाप घरी बसला. तुमी पत्रक काढता, यानं गानं काढलं. तीन महिने डिक्शनरी घेऊन बसलो तवा समजलं मले. तू तीन मिनिटंबी नाई ऐकलं."

मोटर घेतली. सोबत पेनड्राइव्हही आला. त्यात त्यांचा सर्वांत लाडका अल्बम होता. त्याला नाव नाही. मूळ कॅसेट त्यांना अकोल्यातल्या रद्दीवाल्याकडे मिळाली होती, कव्हर नसलेली. म्हणून ते त्याला 'बिनकव्हरी' म्हणतात. मी इंटरनेटवर खूप धुंडाळलं, बँडचा पत्ता लागला नाही.

आठव्या दिवशी दिगूभाऊ अकोल्यात, छापखान्याच्या दारात हजर. अडीच तास एसटीने आले होते. आल्या आल्या पाणीही न पिता विचारलं, "नववं गानं ऐकलं?"

"हो," मी म्हटलं. चौथ्या गाण्यावर थांबले होते.

"शेवटी काय होते?"

"शेवटी... गिटार हळूहळू बंद होतं."

त्यांनी तळहात पुढे केला. मी पेनड्राइव्ह त्यावर ठेवला. तो शर्टाच्या खिशात घालून ते म्हणाले, "तू पत्रकं वाटते. वाटल्यावर कोनाले विचाराले जाते का, वाचलं का म्हनून?"

'वाचा आणि विचार करा' म्हणत आम्ही कागद हातात कोंबतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो. हा माणूस एका गाण्यासाठी शंभर किलोमीटर आला होता. आणि खोटं बोलले होते मी, जिच्या प्रत्येक पत्रकात 'सत्य' हा शब्द ठळक टाइपात असतो.

त्यानंतर त्यांनी मला बरेच अल्बम दिले. सगळे शेवटपर्यंत ऐकले, परीक्षाही दिल्या. 'बिनकव्हरी' मात्र परत मिळाला नाही. "तो एकदाच भेटते," ते म्हणत. तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे मला भांडताही येईना.

त्यांचे पेनड्राइव्ह परत येतात तेव्हा बघण्यासारखे असतात. मोकळी जागा दिसली की लोक भरतात. डीजेची गाणी, भजनं, पुतण्याच्या हळदीचे फोटो. धारणीच्या एका जीपवाल्याने तर आपल्या मुलीने पाठ केलेले पाढे भरून आणले होते. दिगूभाऊ ते सगळं आधी शांतपणे ऐकतात, मगच पुसतात. मला वेळेचा अपव्यय वाटायचा. ते म्हणाले, "त्यानं देलेलं मी नाई ऐकलं, तं त्याले कोनत्या तोंडानं विचारू?"

ती कॅसेट पहिल्यांदा कधी ऐकली, हे त्यांनी एकदाच सांगितलं. आयटीआयला होते. दिवाळीत सगळं होस्टेल गावी गेलं आणि हे एकटेच राहिले. "तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं. "नाई गेलो," म्हणाले आणि ड्रिल सुरू केलं.

यंदाच्या हिवाळ्यात मी दुकानात बसले असताना शेंदूरजनाघाटच्या यमुनाबाई आल्या. त्यांची संत्र्याची बाग आहे. दोन महिन्यांपूर्वी 'बिनकव्हरी' घेऊन गेल्या होत्या, त्या आज उगवल्या.

"आठ दिवस म्हटले होते, बाई," दिगूभाऊ तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले.

"काय करू भाऊ, बागेत कामाले येऊन राह्यलं ना ते. भोंग्याले लावलं का वांदरं धूम पयतात."

मला हसू फुटलं. जगाने दुर्लक्षलेला अल्बम अखेर माकडं हाकलायला! मी दिगूभाऊंकडे पाहिलं. ते मोजतच होते.

"आठ गान्याईले पयतात," यमुनाबाई सांगत होत्या. "नववं लई हळू हाय. तवा समदे वापस येतात मेले, संत्री तोडतात."

"मग ते काढून टाकायचं ना," मी म्हटलं.

"काहून वं? तो मानूस येते ना शेवटी."

दिगूभाऊंचे ओठ थांबले. "कोनता मानूस?"

"गानं संपते. मंग काईच नाई. वाटते, भोंगा बिघडला. अन् मंग कोनीतरी खोकलते. हळूच, एकडाव. तुमाले नाई मालूम?" त्या जरा संकोचून हसल्या. "पयल्या दिवशी मले वाटलं, बागेत कोनी आलं. मी मांगं वयून पाह्यलं."

दिगूभाऊंच्या हातातली मोजणी सुटली होती.

"मीबी पाह्यलं होतं, बाई," ते म्हणाले. "होस्टेलात. कोनी नव्हतं."

"नसतेच. पन बरं वाटते ना."

यमुनाबाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला. दिगूभाऊंनी तळहात पुढे केला नाही. गिऱ्हाइकाचं स्टूल फडक्याने पुसलं, यमुनाबाईंकडे सरकवलं आणि अर्ध्यावर आलेली तार सगळी उलगडून पुन्हा एकपासून मोजायला घेतली.